दोनदाच आलेली हाक

विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. माझं काही जात नाही.

पण ही घडलेली गोष्ट आहे. माझ्या सख्ख्या आजीच्या आयुष्यात घडलेली. आजी वयाबद्दल खोटं बोलायची, मासळीच्या भावाबद्दल तर हमखास बोलायची. पण हे सांगताना तिने एकही शब्द कधी इकडचा तिकडे केला नाही. मी कितीदा तरी ऐकलं असेल. दर वेळी तेच, तसंच. आणि सांगून झालं की ती उठून मागचं दार लावून घ्यायची.

आणखी एक. भुताची गोष्ट म्हटली की लोकांना मिट्ट काळोखी रात्र लागते. इथे रात्र नाही.

भर दुपार होती.

ईस्टरच्या आदल्या दिवसाची, शनिवारची दुपार. जागा म्हणाल तर आमच्या देशातल्या मझारुनी नदीच्या वरच्या अंगाला, सगळे धबधबे मागे टाकले की रानात शिरणारा एक ओढा. टुकुरी त्याचं नाव. आज नकाशात शोधू नका. रानाने तो केव्हाच परत घेतला.

पुढचं कळायचं तर आमच्याकडचा एक नियम आधी माहीत हवा.

रानात कुणी नाव घेऊन हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. जंबी, म्हणजे आमच्याकडचं भूत, दोनदाच हाक मारू शकतं. तिसऱ्यांदा त्याला आवाज फुटत नाही. तिसरी हाक माणसाचीच. म्हणून तिसरीपर्यंत गप्प उभं राहायचं. आणि तिसऱ्या हाकेला जो ओ देत नाही, तो माणूसच नव्हे.

आमच्या किनाऱ्यावरच्या गावांत पोरांना अक्षरं शिकवायच्या आधी हे शिकवतात. नवरे मंडळी त्याचा पुरेपूर फायदा घेतात. बायको हाका मारून दमली की म्हणायचं, "मला वाटलं, जंबीच आहे!" बायकोही कमी नसते. ती म्हणते, "जंबीच आहे, आणि लाकडं फोडून हवी आहेत तिला."

हसू नका. नियम म्हणून चांगलाच होता तो.

आजीचं नाव हेप्सी. तेव्हा ती आजी नव्हती. तरुण होती, कामाला वाघ होती आणि जिभेला धार होती. आईबाप लहानपणीच गेले. तिला वाढवलं तिच्या थोरल्या भावाने, लॅम्बर्टने. हा लॅम्बर्ट शिडाच्या जहाजावर खलाशी होता. बोलायला कमी आणि हाताला पक्का.

व्हिक्टोरिया राणीचे ते शेवटचे दिवस. साखरेचा भाव पडला होता, मळेवाले माणसं कमी करत होते. तेवढ्यात वरच्या नद्यांमध्ये सोनं सापडल्याची बातमी आली. मग काय विचारता! ऊस तोडणारे गेले, शाळामास्तर गेले, चर्चमध्ये बाजा वाजवणाराही गेला. गावात म्हातारे आणि कोंबड्या तेवढ्या उरल्या. गेलेल्यांपैकी पुष्कळांना सोनं दिसलंच नाही, धबधब्याचा तळ दिसला.

लॅम्बर्टही गेला. एकटा नाही, थियोबरोबर.

थियो त्याच गल्लीतला. दिसायला देखणा, बोलायला गोड, चर्चमध्ये गायला लागला की बायका पुस्तकातली जागा विसरायच्या. दोघे मेटी झाले. सोन्याच्या रानात मेटी म्हणजे नुसता मित्र नव्हे. एका भांड्यात शिजवायचं, एका छपराखाली झोपायचं, एका दोराने खड्ड्यात उतरायचं. खड्डा खोल असतो, माती ओली असते. एकाने खाली उतरून खणायचं, दुसऱ्याने वर थांबून बादल्या ओढायच्या. खालच्याचा जीव वरच्याच्या हातात. दोर दोनदा हलला की वरच्याने ओढायचं. वरच्याने खड्ड्याचं तोंड सोडायचं नाही. लघवीला जायचं तरी सांगून जायचं.

हा दोर लॅम्बर्टने जहाजावरून आणलेला. निघायच्या आदल्या दिवशी अंगणात बसून त्याने त्याच्या टोकाला फास गुंफला. गुंफताना हेप्सीच्या जुन्या लाल झग्याची चिंधी त्यात विणून टाकली.

"हे काय रे दादा? नवरीसारखा सजवतोस दोराला!"

"सजवत नाही. खाली काळोख असतो, हेप्स. वर पाहिलं की ही दिसेल. वाटेल, तूच धरून ठेवलंयस."

पावसाळ्यानंतर थियो परत आला.

एकटाच.

त्याने दादाची टोपी आणली, पाइप आणला, तो दोर आणला. ताप आला म्हणाला. रानातला काळा ताप, दोन दिवसांत माणूस खलास. माझ्या मांडीवर गेला म्हणाला. मीच पुरला, मोठ्या मोरा झाडाखाली.

"शेवटचं काय बोलला?" हेप्सीने विचारलं.

"हेप्सीला सांभाळ म्हणाला."

ती त्याच्या गळ्यात पडून रडली. दादाचं डोकं ज्याच्या मांडीवर शेवटचं टेकलं, त्या माणसापेक्षा जवळचं तिला कोण उरलं होतं? वर्ष सरायच्या आत तिने त्याच्याशी लग्न केलं.

सोनं टुकुरीच्या काठी सापडलं होतं, भरपूर सापडलं होतं. हक्क सांगायला जागेवर ठोकायच्या पाटीवर नाव मात्र एकट्या थियोचं. "मेलेल्याच्या नावाने पाटी लागत नाही गं," तो म्हणाला. तिला ते पटलं. पाटी लागली तशी बातमी फुटली आणि होड्यांवर होड्या येऊ लागल्या. लोक त्या जागेला थियोचा ओढा म्हणू लागले. हेप्सी त्याच्याबरोबर वर गेली आणि खणणाऱ्यांसाठी खाणावळ चालवू लागली. दादाचा दोर तिने खाणावळीच्या दोन खांबांना बांधला. त्यावर कपडे वाळत घालायची. तेवढीच त्याची आठवण.

रोज पहिलं वाढप मोरा झाडाखालच्या मातीच्या ढिगावर. नारळाच्या रसात शिजलेली केळी, कंद, खारवलेल्या डुकराच्या मांसाचा एक तुकडा. "जेव रे दादा," म्हणायची आणि परत फिरायची.

सगळं नीट चाललं होतं...

एक दिवस पाखरू अर्ध्यावर थांबलं.

आमच्या रानात एक सोनपाखरू असतं. दिसायला अगदी मामुली, मातकट राखाडी. पण ओरडलं की आख्खं रान दणाणतं. पी... पी... यो! ते जिथे ओरडतं तिथे जमिनीत सोनं, असं जुनी माणसं म्हणतात. टुकुरीला ते दिवसभर ओरडायचं. इतकं, की कुणाला ते ऐकूही यायचं नाही.

त्या दुपारी हेप्सी पातेलं घासत होती.

पी...

पी...

आणि पुढे काहीच नाही.

तिने मान वर केली. 'यो' आलाच नाही. किडे गप्प. माकडं गप्प. ओढ्यात माती धुणाऱ्यांच्या परातीही थांबल्या.

मग लांबून, झाडांच्या मागून...

"थियो..."

सगळे जागच्या जागी उभे राहिले.

"थियो..."

कुणी ओ दिली नाही. कुणी हललं नाही. सगळे तिसरीची वाट पाहत होते.

तिसरी आली नाही.

"थियोराव, बायको बोलावतेय वाटतं!" कुणीतरी ओढ्यातून ओरडलं.

"बायको इथे पातेलं घासतेय, गाढवा," जॉबकाका म्हणाले. हे छावणीतले सगळ्यांत म्हातारे. दात गेलेले, आवाज मात्र शाबूत. "जंबी आहे. दोनदाच आली ना? झालं तर मग. हात चालवा."

लोक हसले आणि कामाला लागले. थियोही हसला. "वारा असेल," म्हणाला. पण झाडाचं पानही हलत नव्हतं.

हेप्सी हसली नाही. आवाज ओळखीचा होता. पण बोलणाऱ्याच्या तोंडात माती असावी तसा घोगरा होता. आणि तो झाडांमधून नव्हता येत.

खालून येत होता.

त्यानंतर मधूनमधून दुपारी तेच व्हायचं. पाखरू दोनदा ओरडून गप्प. मग दोन हाका. मग शांतता. छावणीला सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते. पैजा लावायचे, आज येते की नाही.

थियोला मात्र सवय झाली नाही. दुपार झाली की तो मोठमोठ्याने गाऊ लागायचा. रानाकडे पाठ करून बसेना. छावणीमागे एक जुना, बुजलेला खड्डा होता, त्यावर हातभर झुडपं वाढलेली. तिकडे तो कुणाला फिरकू देत नसे.

"अरे, पाखरू तर रोज तिथेच बसतं," जॉबकाका म्हणायचे. "खणून बघू की!"

"पोकळ जमीन आहे, काका. जायचं असेल तर जा, पण आधी हेप्सीच्या जेवणाचे पैसे चुकते करा."

सगळे हसायचे. थियोला हसवता यायचं, हे खरंच.

मग तो शनिवार आला.

ईस्टरच्या आधी आमच्याकडे थडगी साफ करतात, त्यावर लाल पानांचं झाड लावतात. हेप्सीने रानातून एक फांदी आणली आणि कोयता घेऊन मोरा झाडाखाली गेली. ढीग थोडा बाजूला केला. फांदी रोवायला खणू लागली.

कोयता खण्णकन अडला.

मूळ होतं. मनगटाएवढं जाड. तिने बाजूला खणलं. तिथेही मूळ. आणखी बाजूला. मुळांची जाळी पसरलेली, एकात एक गुंतलेली, आणि मधली माती घट्ट, लाल, दगडासारखी.

एकही मूळ तुटलेलं नव्हतं.

हेप्सी कोयता हातात धरून तशीच बसून राहिली. तिला कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा कळून घ्यायचं नव्हतं. इथे कधी कुणी खणलंच नव्हतं. वरची माती कुठूनतरी आणून ओतलेली. इतके दिवस ती मातीच्या ढिगाला जेवायला वाढत होती.

ती खाणावळीत परत आली. माणसं बाहेर ओंडक्यांवर बसून जेवत होती. थियो आत, त्याच्या नेहमीच्या बाकावर.

"थियो, दादाला पुरलंस तेव्हा जमीन कशी होती रे?"

"ओली होती. पावसाचे दिवस. का गं?"

"मुळं लागली असतील."

"लागली ना. कोयत्याने तोडली. हात सोलले माझे."

"कुठली तोडलीस? सगळी जागच्या जागी आहेत."

त्याचा चमचा थांबला.

"माझा भाऊ कुठे आहे, थियो?"

"हळू बोल. माणसं ऐकतायत."

"ऐकू देत. त्यांनाही जेवायला वाढते मी. माझा भाऊ कुठे आहे?"

बाहेरचं बोलणं बंद झालं. थियोने ताटली बाजूला सारली आणि दोन्ही हातांत तोंड लपवलं. तो रडू लागला. आजी म्हणायची, ते रडणं खरं होतं, त्यात खोट नव्हती.

"ताप नव्हता, हेप्स. खड्डा बसला. मागचा, जुना खड्डा. मी टेकूला लाकूड तोडायला गेलो होतो. त्याला सांगून गेलो होतो, देवाशप्पथ. लांब गेलो होतो. परत येताना रानात हाक आली. थियो... मी थांबलो. परत एकदा आली. मी उभाच. लहानपणापासून तेच शिकलोय ना आपण? तिसरीची वाट पाहिली. ती आलीच नाही. मी पोचलो तर खड्डा मिटलेला."

मग दारातून जॉबकाका हळूच म्हणाले, "कुणीही थांबलं असतं, पोरी. मीही थांबलो असतो."

बाकीच्यांनी माना हलवल्या. खरंच होतं ते. त्यांच्यातला कुणीही थांबला असता.

"मग तापाचं का सांगितलंस मला?"

"तू विश्वास ठेवला असतास?"

"ठेवला असता," हेप्सी म्हणाली. "मीही थांबले असते रे."

आजी सांगायची, त्या घडीला मी त्याला माफ केलं होतं. मनापासून केलं होतं. पोटात मूल होतं, त्याचं. समोर नवरा लहान पोरासारखा रडत होता. त्याचे डोळे पुसायला म्हणून तिने वर हात केला आणि दोरावरचं फडकं ओढलं.

बोटांना चिंधी लागली.

लाल चिंधी.

तिने फडकं सोडून दिलं. दोर हातात धरला.

"थियो... दादा त्या दिवशी ह्याच दोराने उतरला होता ना?"

"दुसरा दोर होताच कुठे आमच्याकडे?"

"आणि खड्डा मिटला तेव्हा तो खालीच होता."

"हो गं. सांगितलं ना."

"मग दोर वर कसा?"

थियोचं रडणं थांबलं. एकदम थांबलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

दादाने खालून काय पाहिलं असेल, ते हेप्सीला तेव्हा दिसलं. दोर वर वर चाललाय. लाल चिंधी वर वर चाललीय. आधी त्याला गंमत वाटली असेल. मग त्याने हाक मारली असेल, थियो... मग परत, थियो... आणि वरून लोटलेली माती आली असेल.

जिवाभावाचं प्रेम होतं ते दोघांचं. एका भांड्यातलं खाल्लं होतं. आणि सोनं दिसल्याबरोबर ह्याने केसाने गळा कापला. वर दादाच्या तोंडी खोटं घालून तिलाही पदरात पाडून घेतलं. हेप्सीला भीती वाटत नव्हती. तिला त्याचा जीव घ्यावासा वाटत होता, असं ती सरळ सांगायची, चर्चमधल्या बायकांसमोरही सांगायची.

तेवढ्यात...

पी...

पी...

रान गप्प झालं.

ओंडक्यांवरची माणसं उठून उभी राहिली.

"थियो..."

या वेळी लांबून नाही. जवळून. खाणावळीच्या मातीच्या जमिनीखालून.

"थियो..."

सगळे वाट पाहू लागले. थियोच्या कपाळावर घाम होता, पण ओठांच्या कडेला किंचितसं हसू आलं होतं. त्याला ठाऊक होतं, इथे थांबतं हे. नेहमीच थांबतं. तिसरी नसते.

हेप्सीने ते हसू पाहिलं.

तिने तोंड उघडलं. भावाचा आवाज तिला लहानपणापासून काढता यायचा, त्यावरून गल्लीभर खोड्या केल्या होत्या दोघांनी. दादाने मारली नाही ती तिसरी हाक आपण मारायची, असं तिने ठरवलं. छाती भरून श्वास घेतला.

"थियो!"

हाक घुमली. पातेली थरथरली.

थियो ताडकन उठला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू, भीती, सगळं पुसलं गेलं होतं. कामावर उशीर झालेल्या माणसाची घाई तेवढी होती.

"ओ! आलो, मेटी, आलो!"

त्याने खांबांवरून दोर सोडवला. वाळत घातलेले कपडे मातीत पडले. दोर खांद्यावर टाकून तो माणसांच्या मधून निघाला. कुणी अडवलं नाही. तिसऱ्या हाकेला निघालेल्या माणसाला अडवत नाहीत. तो झाडांमध्ये शिरला... पावलं ऐकू आली... मग नाही आली.

"यो!" पाखरू ओरडलं.

बऱ्याच वेळाने माणसं मागच्या खड्ड्याकडे गेली. हेप्सी पुढे होती.

थियो तिथे नव्हता.

बुजलेल्या जागेवर झुडपं तशीच उभी होती. पान मोडलेलं नाही, माती उकरलेली नाही. दोराचं एक टोक झाडाला बांधलेलं होतं, पक्की गाठ मारून. दुसरं टोक, चिंधीचं...

जमिनीत गेलेलं होतं.

घट्ट मातीतून सरळ खाली. आणि दोर सैल नव्हता, ताणलेला होता.

ते बघत उभे असतानाच दोराला हिसका बसला.

एकदा.

मग परत एकदा.

दोनदा दोर हलला की वर ओढायचं. रानातल्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक होतं. पण एकाचाही हात पुढे झाला नाही. सगळे त्या दोराकडे बघत उभे राहिले, तिसऱ्या हिसक्याची वाट पाहत.

तो आला नाही. दोर हळूहळू सैल पडला.

दिवस मावळायच्या आत छावणी रिकामी झाली. खणलेल्या खड्ड्यांतलं सोनं तसंच टाकून लोक होड्यांत बसले. जॉबकाकांनी जाताना पाटी उपटून ओढ्यात फेकली. वाटेत ते हेप्सीला म्हणाले, "बरं केलंस, पोरी. अगदी त्याच्यासारखा आवाज काढलास."

सगळ्यांची तीच समजूत. ती तिसरी हाक हेप्सीने मारली.

आजी मात्र शेवटपर्यंत म्हणायची, "तोंड माझं उघडं होतं. श्वासही घेतला होता. पण आवाज काढायच्या आधीच हाक आली." मग उठता उठता म्हणायची, "निदान मला तरी तसंच वाटतं."

गोष्ट इथे संपायला हवी होती. दगाबाजाला शिक्षा झाली, देव आहे, वगैरे.

पण पोटातलं ते मूल म्हणजे माझे वडील. आम्ही थियोच्याच रक्ताचे.

किनाऱ्यावरच्या आमच्या घरामागे कालवा आहे, पलीकडे उसाचे मळे. लहानपणी एखाद्या दुपारी मी आजीजवळ शेंगा सोलत बसलेला असायचो. मध्येच कावळे-कोंबड्या गप्प व्हायच्या. आजीचे हात थांबायचे. आणि मळ्यांच्या बाजूने, जमिनीलगत...

"हेप्सी..."

गोड आवाज होता. चर्चमध्ये गाणाऱ्या माणसाचा असतो तसा.

"हेप्सी..."

आजी ओठ घट्ट मिटून बसायची. तिसरी यायची नाही. मग ती परत शेंगा सोलू लागायची. मी विचारलं तर म्हणायची, "नियम आहे, बाळा." एवढंच. पण तिचे डोळे भरलेले असायचे. ते रागाने की आणखी कशाने, मला कधी कळलं नाही.

आजी गेली त्याला आता फार वर्षं झाली. मी स्वतः म्हातारा झालो. वाटलं, तिच्याबरोबर ते मिटलं.

गेल्या आठवड्यात दुपारी मी मागच्या पायरीवर बसलो होतो. कोंबड्या एकदम गप्प झाल्या.

हाक आली. माझ्या नावाने.

मग परत आली.

भूतच असेल. दोनदाच आली, म्हणजे भूतच. नियमच आहे तसा. पण लॅम्बर्टनेही दोनदाच मारली होती हो... तो जिवंत होता. आणि त्या दोराला दोनदाच हिसका बसला होता, तेव्हा खाली कोण होतं आणि कसं होतं, हे बघायला कुणी वाकलं नाही. माझी आजीसुद्धा नाही.

ओ दिली तर काय होईल, ठाऊक नाही. नाही दिली, तर मी थियोचा नातू शोभतो.

आज दुपारी कोंबड्या परत गप्प झाल्या. हाक आली, दोनदा.

मी ओठ मिटून बसलो. तिसरीची वाट पाहत.